थंडरबर्डमधल्या 'फेव्हरिट' फोल्डरांची नावं वाचण्याजोगी करणं : कामाच्या नोंदी

शनिवार, 30 सप्टेंबर 2023. तारकर्ली

लॅपटॉप काकांचा, विंडोज 10, पडदा 1366 बाय 768 चा. थंडरबर्डमध्ये (ईमेल बघायचा प्रोग्रॅम) तीन खाती: होमस्टेच्या बुकिंगचं, काकूच्या आंबा-कोकमाच्या विक्रीचं आणि काकांचं घरगुती. फोल्डरं मिळून एवढी की रोज लागणारी तेवढीच 'फेव्हरिट' करून वर ठेवलेली. हे दोनेक वर्षं बिनबोभाट चाललं होतं. गणपतीच्या आसपास प्रोग्रॅम आपणहून 102 वरून 115 वर गेला (जुलैत आलेली 'सुपरनोव्हा' आवृत्ती) आणि डाव्या पट्टीचं रूपच पालटलं.

आता फेव्हरिटची यादी अशी दिसते: 'इनबॉक्स - तारकर्…', खाली पुन्हा 'इनबॉक्स - तारकर्…', मग 'अ‍ॅडव्हान्स आलेले - ता…'. होमस्टेचा आणि काकूचा, दोन्ही ईमेल पत्ते 'तारकर्ली'नेच सुरू होतात. वेगळेपण जिथे सुरू होतं तिथेच ओळ कापली जाते. परवा डोंबिवलीच्या बाईंनी दोन लिटर कोकमाच्या आगळाचा भाव विचारला, तर काकांनी त्यांना एसी रूमचा दर कळवला.

"ह्यां सगळां सारख्यांच दिसता. खंयच्यात बघू?" असं त्यांचं म्हणणं. रास्त आहे.

आज फक्त कारण शोधलं. फेव्हरिटचा 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' चालू असला की थंडरबर्ड प्रत्येक ओळीत आधी फोल्डरचं नाव, मग डॅश, मग खात्याचं नाव लिहितो. खात्याला आपण वेगळं नाव दिलेलं नसलं तर ईमेल पत्ता हेच त्याचं नाव. 102 मध्येही हेच होतं. पण तेव्हा माझ्या भावाने सीएसएसची (रूप कसं दिसावं ते सांगणाऱ्या नियमांची) एक फाइल टाकून त्या पट्टीतली अक्षरं बारीक केली होती, म्हणून मावत होतं. 115 मध्ये ती फाइल जागेवर आहे, परिणाम मात्र काही नाही.

रविवार, 1 ऑक्टोबर

सोपे उपाय आधी. पट्टी ओढून रुंद केली. नावं पूर्ण दिसली, पण पत्रांच्या यादीतला विषयाचा रकाना एवढासा उरला. या पडद्यावर हे जमणारं नाही.

मग 'फेव्हरिट फोल्डर्स' या शीर्षकाशेजारच्या तीन टिंबांत जाऊन कॉम्पॅक्ट व्ह्यू बंद केला. त्याने शेपटीचं खात्याचं नाव जातं, हे खरं. पण बदल्यात प्रत्येक फोल्डर आपल्या वाडवडिलांसकट उभा राहतो: वर खातं, त्याखाली '2023', त्याखाली 'दिवाळी', त्याखाली आपल्याला हवं ते. मोठा पडदा असेल आणि फोल्डरांत फोल्डर कमी असतील तर हाच पर्याय घ्या, पुढचं काही करू नका. आमच्याकडे यादी पडद्याच्या खाली गेली. पुन्हा कॉम्पॅक्ट.

(ती तीन टिंबं फक्त एकाहून जास्त मोड ('फेव्हरिट', 'ऑल फोल्डर्स' असे यादीचे प्रकार) लावलेले असतील तेव्हाच शीर्षकाशेजारी दिसतात. एकच मोड असेल तर पट्टीच्या अगदी वरच्या तीन टिंबांत शोधा.)

दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टर पंख्यांना आणि पाहुण्यांच्या फ्रिजला. काम थांबवलं आणि कणकवलीला परत.

शनिवार, 7 ऑक्टोबर

आजचा दिवस सीएसएसचा. भावाच्या फाइलचं काय झालं ते आधी सांगते, कारण 102 वरून आलेल्या बऱ्याच जणांना हेच भोवणार आहे. जुन्या थंडरबर्डमध्ये डावी पट्टी ही मोझिलाच्या जुन्या पद्धतीचं झाड होती आणि तिला रंगवायचे नियमही खास त्या झाडासाठीचे होते. 115 मध्ये ती पट्टी नव्याने लिहिली गेली. आता ती साध्या एचटीएमएलची यादी आहे, वेबपानावर असते तशी. जुने नियम ज्या गोष्टीला हाक मारतात ती गोष्टच घरात नाही. त्यामुळे चूक दाखवली जात नाही, इशारा येत नाही, नुसतं काही होत नाही. जुनी फाइल दुरुस्त करत बसू नये, कोरी घ्यावी.

कोरी फाइल कुठे ठेवायची: हेल्प मेनूतून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोरचं बटण. उघडलेल्या फोल्डरात 'क्रोम' नावाचा फोल्डर, त्यात 'युजरक्रोम.सीएसएस'. नावं अर्थात रोमन अक्षरांत. फोल्डरचं नाव सगळं लहान लिपीत आणि फाइलच्या नावात 'क्रोम'चा सी तेवढा मोठा. विंडोजवर अक्षराच्या लहान-मोठेपणाने अडत नाही, लिनक्सवर अडतं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नोटपॅडमध्ये फाइल बनवली, थंडरबर्ड बंद करून उघडला, काही नाही. पुन्हा, काही नाही. विंडोज मुळात फाइलनावाची शेपटी लपवतो. नोटपॅडने मागे गुपचूप '.टीएक्सटी' जोडलं होतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा, मगच हे दिसतं. यात पाऊण दुपार गेली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आणखी एक: सेटिंग्जमध्ये 'जनरल'च्या तळाशी 'कॉन्फिग एडिटर' आहे, तिथे 'लेगसी-युजर-प्रोफाइल-कस्टमायझेशन्स' असं लांबलचक नाव असलेली एक ओळ 'फॉल्स' असते, ती 'ट्रू' करावी लागते. नाहीतर थंडरबर्ड ही फाइल उघडूनही बघत नाही. आमच्याकडे भावाने ती आधीच केलेली होती.

फाइल लागू झाल्यावर पहिला नियम: फोल्डरच्या नावाची अक्षरं 11 पिक्सेलची. नावं मावली. काकांनी चष्मा वर-खाली केला. "बारीक झाला, आता काय्येक दिसणा नाय." नियम काढून टाकला. त्यांचं वय अडुसष्ट आहे, हे मी आधीच धरायला हवं होतं, पण असो.

रविवार, 8 ऑक्टोबर

आज ठरवलं, शेपटीचा खात्याचा भागच लपवायचा. होत नाही. 'अ‍ॅडव्हान्स आलेले - अमुक पत्ता' ही सगळी ओळ एकाच घटकातला एकच सलग मजकूर आहे. सीएसएस घटक लपवू शकतं, घटकातली अर्धी अक्षरं नाही. डॅशच्या पुढचं वेगळ्या घटकात असतं तर एका ओळीत काम झालं असतं.

मग आडवळण. प्रत्येक ओळीला आतून एक आयडी असते. टूल्स मेनूतल्या 'डेव्हलपर टूलबॉक्स'ने (कंट्रोल-शिफ्ट-आय) ती बघता येते. फेव्हरिटमधल्या ओळींची आयडी 'फेव्हरिट-' ने सुरू होते आणि पुढे अक्षर-आकड्यांची लांबच लांब माळ. ती माळ म्हणजे त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, बेस-64 मध्ये गुंडाळलेला. हे उपयोगाचं आहे: 'फेव्हरिट-' ने सुरू होणाऱ्या आयडींनाच नियम लावला तर खालच्या 'ऑल फोल्डर्स'च्या झाडाला धक्का लागत नाही.

आडवळण असं: एका विशिष्ट आयडीच्या ओळीत नावाच्या अक्षरांचा आकार शून्य करायचा आणि त्याच घटकाच्या पुढे 'आफ्टर' वापरून आपला मजकूर टाकायचा, त्याचा आकार वेगळा सांगायचा. 'इनबॉक्स - तारकर्…' च्या जागी सरळ 'बुकिंग आलेलं' असं उमटतं. न वाचलेल्या पत्रांचा आकडा वेगळ्या घटकात असल्याने तो शाबूत राहतो. न वाचलेलं असलं की ओळ ठळक होते, तेही राहतं.

रोजच्या सगळ्या फोल्डरांना असे नियम लिहिले. दिसायला झकास. काका खूश, काकूने तिच्या खात्याला 'माजो इनबॉक्स' असं लिहून घेतलं. संध्याकाळी देवबागेपर्यंत फिरून आले.

शनिवार, 14 ऑक्टोबर

तो झकासपणा आठवडाभरही टिकला नाही. कसा मोडला ते नीट लिहून ठेवते.

बुकिंगचं खातं पुण्यातली चुलत बहीणही बघते, फोनवरच्या ब्राउझरमधून. तिने बुधवारी 'अ‍ॅडव्हान्स आलेले' चं नाव बदलून 'अ‍ॅडव्हान्स जमा 23-24' केलं. तिच्या जागी तिचं बरोबर. हिशेबाला तेच सोयीचं. पण आयमॅप खात्यात फोल्डर सर्व्हरवर असतो. तिथे नाव बदललं की सगळ्यांकडे बदलतं. आणि बदल बाहेरून झाला असेल तर थंडरबर्डला 'नाव बदललं' हे कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की एक फोल्डर गेला आणि एक नवाच फोल्डर आला. त्यातून पुढचं सगळं:

नव्या फोल्डरवर फेव्हरिटची खूण नाही, म्हणून तो यादीतूनच गायब. आयडी फोल्डरच्या पत्त्यावरून बनते, म्हणून माझा नियम हवेत. अ‍ॅडव्हान्सची पत्रं त्या फोल्डरात हलवणारा फिल्टर जुन्याच नावाकडे बोट दाखवत बसलेला. आणि सगळ्यात महाग: थंडरबर्डने त्या 'नव्या' फोल्डरातली सगळी पत्रं पहिल्यापासून उतरवायला घेतली. त्यात पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो आहेत, एकेक चार-चार एमबीचा. वायफाय त्या दिवशी बंद होतं, लॅपटॉप काकांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दिवसाचा दीड जीबी दुपारच्या आत संपला आणि वर डेटा पॅक मारावा लागला. पैसे किरकोळ, पण त्याच दुपारी अ‍ॅडव्हान्स भरलेल्या एका कुटुंबाला 'पैसे पोचले' हे कळवायचं राहून गेलं. त्यांचे तीन फोन आले.

थंडरबर्डमधूनच नाव बदललं असतं तर उतरवलेली पत्रं नव्या नावाखाली सरकली असती, पुन्हा डाउनलोड नाही. घरात एकाहून जास्त माणसं एकच खातं बघत असतील तर नाव कुणी आणि कुठून बदलायचं हे आधी ठरवा. आमच्याकडे आता ठरलंय: काकांच्या लॅपटॉपवरून, आणि बहिणीला आधी फोन करून.

फिल्टर हाताने दुरुस्त केला, फेव्हरिटची खूण परत लावली. मजकूर बदलणारे सगळे नियम फाइलमधून काढून टाकले. एकट्याचं खातं आणि स्थिर फोल्डर असतील तर ती युक्ती वापरा बापडे. पण पडद्यावर एक नाव आणि सर्व्हरवर दुसरं, यातही मला धोका दिसायला लागला होता. बहीण फोनवर म्हणायची "अ‍ॅडव्हान्स जमा उघडा", आणि काकांच्या पडद्यावर त्या नावाचं काहीच नाही.

रविवार, 15 ऑक्टोबर. घटस्थापना

घट बसवून झाल्यावर दहा मिनिटांत जे झालं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. लपवायचं कशाला, खात्याचं नावच आखूड करायचं. अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे खात्यावर टिचकी मारली की उजवीकडे पहिलीच चौकट 'अकाउंट नेम'. तिथे ईमेल पत्ता होता, तो पुसला. हे नाव फक्त या लॅपटॉपपुरतं असतं. सर्व्हरला, फोनला, पुण्याला काही कळत नाही.

पहिल्यांदा 'बु', 'आं', 'घ' अशी एकाक्षरी नावं दिली. फेव्हरिटमध्ये छान बसली. पण हीच नावं इतर ठिकाणीही येतात. 'युनिफाइड फोल्डर्स'मध्ये एकत्र इनबॉक्सच्या पोटात प्रत्येक खात्याची ओळ असते आणि तिथे फक्त खात्याचं नाव लिहिलेलं असतं. नुसता 'घ' बघून काय कळणार. नवं पत्र लिहिताना 'फ्रॉम'च्या यादीतही पत्त्यामागे तेच दिसतं. म्हणून 'बुकिंग', 'आंबा', 'घर'. आता यादी: 'इनबॉक्स - बुकिंग', 'इनबॉक्स - आंबा', 'कोकम ऑर्डर - आंबा'. पट्टी न वाढवता सगळं मावतं.

काकूने आंब्याची इमोजी सुचवली. टाकून पाहिली; उमटते, पण त्या आकारात पिवळा ठिपका दिसतो, म्हणून नको झाली.

उरलेलं काम फोल्डरांच्या नावांचं. 'पाहुण्यांची रद्द झालेली बुकिंग' अशा नावात कामाचा शब्द मध्यात दडलेला असतो आणि ओळ कापली जाते ती शेवटून. बहिणीला फोन लावून, थंडरबर्डमधूनच, बदललं: 'रद्द बुकिंग'. 'सन 2023 चे जीएसटी कागद' झालं 'जीएसटी 2023'. इनबॉक्स, सेंट, ट्रॅश यांची नावं अशी बदलता येत नाहीत, त्यांच्यासाठी खात्याचं आखूड नावच कामाला येतं.

बुधवार, 18 ऑक्टोबर. कणकवलीहून, फोनवर

काकांना घरगुती खात्याचं नाव 'घर' ऐवजी 'काका' हवं होतं. मी फोनवर सांगितलं, सेटिंग्जमध्ये जाऊन नाव बदला. त्या पानावर दोन चौकटी आहेत. वरची 'अकाउंट नेम', तिच्या खाली 'डीफॉल्ट आयडेंटिटी'त 'युअर नेम'. काकांनी खालची बदलली, तीही बुकिंगच्या खात्याची. वरची फक्त आपल्याला दिसते. खालची पत्र घेणाऱ्याला दिसते. दुपारपर्यंत गेलेल्या सगळ्या बुकिंग-पावत्यांवर पाठवणाऱ्याचं नाव नुसतं 'काका'. एका पाहुण्याने "काका, दोन मोठे एक लहान, मासे चालतील" असं उत्तर धाडलं, म्हणजे गैरसमज काही झाला नाही.

"माका नाव बदल म्हणान सांगलंस, मी बदललंय." यावर काय बोलणार. फोनवरून सांगताना 'नाव' म्हणू नका, 'सगळ्यात वरची चौकट' म्हणा.

रविवार, 22 ऑक्टोबर

नवीन तक्रार. काकूच्या खात्यात गिऱ्हाइकांचे गावावार फोल्डर आहेत. यादीत 'कुडाळ - आंबा' चं 'कडाळ - आंबा' दिसतंय आणि 'गुहागर' चं 'गहागर'. पहिल्यांदा वाटलं टायपिंग चुकलं. जवळ जाऊन बघितलं तर 'ग'च्या पायाशी उकाराचं शेपूट केसभर डोकावतंय, बाकीचं कापलेलं. वर 'कोकम ऑर्डर'मधला रफारही चपटा.

कारण दोन गोष्टींचं मिळून. जागा वाचवायला मी डेन्सिटी 'कॉम्पॅक्ट' केली होती (फोल्डरच्या कॉम्पॅक्ट व्ह्यूशी हिचा संबंध नाही, नावं उगाच सारखी ठेवलीत). त्याने ओळींची उंची घटते. शिवाय नावाच्या घटकाला चौकटीबाहेरचं कापून टाकायचा नियम मुळातच आहे. लांब नावापुढे तीन टिंबं येतात ती त्यामुळेच. इंग्रजी अक्षरं त्या उंचीत बसतात. देवनागरीला वर रफार-वेलांटी, खाली उकार, जोडाक्षरात आणखी एक मजला.

डेन्सिटी 'डीफॉल्ट'वर आणली; बरंच सुधारलं, 'कुडाळ' कुडाळ झालं, पण 'वेंगुर्ला'चा उकार अजून कातरलेला. शेवटी सीएसएसची ती फाइल इथे उपयोगी पडली. एकच नियम ठेवला: फोल्डर-पट्टीतल्या नावांना ओळीची उंची 1.6 आणि फॉन्ट निर्मला यूआय. विंडोज 10 मध्ये हा फॉन्ट असतोच. 1.4 ला कातर राहतो, 1.8 ला यादी उगाच लांबते. हा नियम कुठल्या एका फोल्डरच्या आयडीला बांधलेला नाही, त्यामुळे कुणी नावं बदलली तरी तुटत नाही.

रविवार, 19 नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी ओसरेपर्यंत इकडे बघायला सवड नव्हती. यंदा 4 डिसेंबरचा नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, इथेच तारकर्लीच्या किनाऱ्यावर आहे. विचारपूस करणारी पत्रं धबाधब येतायत. त्यांच्यासाठी 'नौदल दिन' असा फोल्डर काढून फेव्हरिट केला. 'नौदल दिन - बुकिंग', पूर्ण दिसतं.

या वेळी रंगही लावले. त्याला सीएसएस लागत नाही: फोल्डरवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'आयकॉन कलर'. पैशांचे फोल्डर हिरवे, रद्दचा लाल, नौदल दिनाचा निळा. हा रंग फेव्हरिटच्या यादीतही येतो. काका आता नावाआधी रंग बघतात असं लक्षात आलं. सगळ्यांना रंग देण्याचा मोह आवरा. सगळेच रंगीत झाले की कुठलाच उठून दिसत नाही. तिन्ही इनबॉक्स तसेच ठेवलेत.

आत्ताची स्थिती: कॉम्पॅक्ट व्ह्यू चालू, डेन्सिटी डीफॉल्ट, खात्यांची नावं 'बुकिंग', 'आंबा', 'काका' (योग्य चौकटीत), सीएसएसमध्ये ओळीच्या उंचीचा एकच नियम. फाइलची प्रत पेनड्राइव्हवर, भावाची जुनी फाइल पुसली. पट्टीतलं काही पुन्हा विचित्र दिसलं तर आधी ही फाइल बाजूला काढून थंडरबर्ड उघडून बघायचं, हे काकांच्या वहीत त्यांच्या हाताने लिहून घेतलंय.

राहिलेलं: काकूचा स्वतःचा जुना लॅपटॉप. तो विंडोज 7 वर आहे आणि त्यावर 115 चालतो, पण चार जीबी रॅममध्ये कसा, ते पुढच्या खेपेला.